मैफलीतली रेकॉर्ड सहा युरोंनी महाग का?

प्रिय काका,

मी मूळची सांगलीची. चार वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करते. इथे आल्यावर मैफलींना जायचा नाद लागला आणि गेल्या वर्षी मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर घेतला. तेव्हापासून कार्यक्रम आवडला की बाहेरच्या टेबलावरून त्या कलाकाराची रेकॉर्ड घेऊनच घरी येते. नवऱ्याला हे पटत नाही. मी तीस युरोला घेतलेली रेकॉर्ड ऑनलाइन चोवीस युरोला घरपोच मिळते, हे त्याने मोबाइलवर काढून दाखवलं. मागच्या महिन्यात सायकलवरून आणताना एक रेकॉर्ड पावसात भिजली, कव्हरचा कोपरा फुगला. तो म्हणाला, "आता ती चोवीसचीही राहिली नाही." मला उत्तर सुचलं नाही.

दुसरं म्हणजे, आजोबांची रेकॉर्डची पेटी सांगलीच्या घरी माळ्यावर पडून आहे. तशा जुन्या, हिंदुस्थानी गायकीच्या रेकॉर्ड मला ऑनलाइन दिसतात. चाळीस-पन्नास युरो सांगतात, आणि विकणारे बहुतेक इंग्लंडमधले. त्या घेऊ का? आणि येत्या महिन्यात इथे एका जॅझ त्रिकुटाचा कार्यक्रम आहे, त्यांची नवी रेकॉर्ड टेबलावर घेऊ की ऑनलाइन मागवू?

– आइंडहोवनहून एक वाचक

बाळ,

त्या त्रिकुटाची रेकॉर्ड टेबलावरच घे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तू निवांत वाचशील. ऑनलाइन घेण्यासारख्या रेकॉर्डही पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे मग येतो.

तुझ्या नवऱ्याचा हिशेब चुकलेला नाही. तीसातून चोवीस गेले की सहा उरतात. मात्र त्या सहा युरोंचं पुढे काय होतं, हे त्याने पाहिलेलं नाही. पाहणार तरी कसा, मोबाइलच्या पडद्यावर ते दिसत नाही. मलाही ते उशिरा कळलं. मुलगी जर्मनीत कोलोनला असते. तिच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी तिने मला तळघरातल्या एका छोट्या सभागृहात जॅझ ऐकायला नेलं. साठ-सत्तर माणसं असतील. कार्यक्रम संपला, आम्ही जिना चढून वर आलो, तर ज्याने दोन तास सॅक्सोफोन वाजवला तोच बाई-बाप्यांच्या घोळक्यात टेबलामागे उभा. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, समोर पुठ्ठ्याची दोन खोकी, एक छोटी पत्र्याची गल्ल्याची पेटी आणि चंदेरी शाईचं पेन. मी रेकॉर्ड घेतली, त्याने कव्हरवर सही केली आणि शाई वाळेपर्यंत कव्हर दोन्ही हातांवर आडवं धरून फुंकर मारत उभा राहिला. तेवढ्या वेळात मी विचारलं, या किती छापल्या? तीनशे, तो म्हणाला. त्यातल्या निम्म्या दुकानांकडे गेल्या, निम्म्या आम्ही गाडीत घालून गावोगाव नेतो, आणि गाडीचं पेट्रोल यातूनच निघतं.

तीनशे हा आकडा लक्षात ठेव. रेकॉर्ड छापायची म्हणजे आधी लाखेसारख्या थराच्या तबकडीवर आवाजाची खाच कोरायची, तिच्यावर निकेल चढवून उलटा साचा काढायचा, आणि मग त्या साच्यात गरम प्लास्टिक दाबून एकेक प्रत काढायची. कोरणं आणि साचा हा खर्च एकदाच होतो, मग तू तीनशे प्रती काढ की तीस हजार. मोठ्या कंपनीच्या मोठ्या गायकाच्या बाबतीत तो खर्च हजारो प्रतींवर पसरून प्रत्येकीवर नावापुरता येतो. तीनशे प्रतींत तो प्रत्येक प्रतीवर जड बसतो. तुझ्या त्रिकुटासारख्यांची रेकॉर्ड मुळात छापतानाच महाग पडलेली असते.

मग ती दुकानात किंवा मोठ्या वेबसाइटवर जाते, तेव्हा वाटेत वितरक आपला वाटा घेतो, दुकानदार आपला घेतो आणि त्या किमतीत एकवीस टक्के तुमचा डच कर असतोच. वेबसाइटवाला भाव पाडतो तो त्याच्याकडे दिवसाला हजारो पार्सलं निघतात म्हणून, आणि तू एकीबरोबर आणखी दोन घेशील या आशेने. चोवीसातून वाजवणाऱ्याच्या हाती काय उरतं? फार थोडं. टेबलावर तीस दिलेस तर त्यातून छपाई आणि कर वजा जाता जे उरतं ते बहुतेक त्यांचंच, किंवा फार तर त्यांच्या छोट्या कंपनीबरोबर वाटून घेतलेलं. तेव्हा नवऱ्याला सांग की सहा युरो जास्त जातात हे खरं आहे, आणि ते कुठे जातात हे मला माहीत आहे.

इथे मला एका गोष्टीची सल आहे, ती लिहितोच. आपल्याकडे पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपाबाहेर मी वर्षानुवर्षं कॅसेट आणि नंतर सीडी विकत घेतल्या. आत गाणं ऐकून भारावलेलं असायचं मन, पाय आपोआप त्या स्टॉलकडे वळायचे. त्यातल्या पैशांतला किती भाग गाणाऱ्यापर्यंत गेला असेल, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. गायक आणि स्टॉल यांच्यामध्ये एक भलीमोठी कंपनी असे, आणि कलाकाराला एकदाच ठरावीक रक्कम देऊन मोकळं होण्याची रीतही होती. कोलोनच्या त्या जिन्याच्या तोंडाशी मी पहिल्यांदा वाजवणाऱ्याच्या हातात पैसे ठेवले. तेव्हा साठी उलटली होती माझी. तुला ते तिशीतच करता येतंय.

आता नवऱ्याची बाजू. टेबल दिसलं की डोळे मिटून पैसे द्यायचे, असं मी म्हणत नाही. पुष्कळ मोठ्या सभागृहांची रीत अशी की आत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टी-शर्टामागे, रेकॉर्डमागे ते वीस-पंचवीस टक्के कापून घेतात. यावर ब्रिटनमधल्या कलाकारांनी आवाज उठवला. फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या त्यांच्या संघटनेने २०२२ मध्ये अशी कपात न करणाऱ्या सभागृहांची यादीच जाहीर केली. अमेरिकेत लाइव्ह नेशन या मैफली भरवणाऱ्या बड्या कंपनीने २०२३ मध्ये आपल्या छोट्या क्लबांतली ही कपात थांबवल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र छोट्या जागी सहसा हा प्रकार नसतो. मोठ्या जागी टेबलामागे कलाकार नसतो, भाड्याने ठेवलेली चार मुलं असतात, आणि रेकॉर्ड चाळीस-पंचेचाळीसला असते. ज्या गायकाच्या लाखो प्रती खपतात त्याची रेकॉर्ड तिथे रांगेत उभं राहून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. ती खुशाल ऑनलाइन घे, चोवीसला घे, तिथे तुझ्या नवऱ्याचंच खरं. शंका आली तर टेबलावरच्या माणसाला सरळ विचार, "हे पैसे बँडला जातात का?" युरोपात हा प्रश्न कुणाला लागत नाही. उलट तो वाजवणाराच असेल तर खूश होऊन पाच मिनिटं बोलतो.

कधी असंही होतं की मैफल आवडते, पण खिशात तेवढे नसतात किंवा खोकी रिकामी झालेली असतात. अशा वेळी घरी येऊन सगळ्यात स्वस्त जागा शोधू नकोस, बँडकॅम्प या, कलाकार आपलं संगीत स्वतः विकतात त्या वेबसाइटवर त्याचं पान आहे का ते बघ. २००८ पासून चालू असलेली ही जागा वस्तूच्या विक्रीवर दहा टक्के आणि नुसत्या फाइलवर पंधरा टक्के घेते, बाकी बहुतेक कलाकाराकडे किंवा त्याच्या कंपनीकडे जातात. मार्च २०२० मध्ये सगळ्या मैफली बंद पडल्या तेव्हा त्यांनी एक शुक्रवार ठरवून त्या दिवशीचा आपला वाटा सोडून दिला. पुढेही असे शुक्रवार होत राहिले. ऑनलाइन घ्यायचीच तर ही वाट टेबलाच्या सगळ्यात जवळची.

आता भिजलेल्या कव्हरचं. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हा प्रकार टाळता येतो. रेकॉर्ड बारा इंची, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटर, आणि कव्हर त्याहून बोटभर मोठं. तुझ्या रोजच्या ऑफिसच्या पाठपिशवीत ते तिरकं घुसवावं लागत असणार, आणि तिथेच कोपरा दुमडतो, मग पाऊस त्यातून आत शिरतो. रेकॉर्ड सरळ उभी राहील एवढी रुंद पिशवी घे. आत आधीच दोन गोष्टी ठेवून दे: एक कडक पुठ्ठा आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी. दुकानातून आणलेल्या जुन्या पार्सलाचा पुठ्ठा चालतो. रेकॉर्ड पुठ्ठ्याला टेकवायची, दोन्ही प्लास्टिकमध्ये घालायची, तोंड खाली दुमडायचं. सही घेतली असेल तर शाई पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिक लावू नकोस. माझ्या त्या कोलोनच्या कव्हरवर सहीतलं शेवटचं अक्षर आजही पसरलेलं आहे, मी घाई केली म्हणून.

आणि कार्यक्रमाआधी की नंतर? आधी घेतलीस तर दोन तास गर्दीत छातीशी धरून उभं राहावं लागतं, नंतर घेतलीस तर संपलेली असण्याची भीती. तुमच्याकडच्या सभागृहांत सामान ठेवायला कपाटं असतात. आधी घेऊन त्यात उभी ठेव. कपाट अरुंद असेल तर पैसे देऊन टेबलावरच बाजूला ठेवायला सांग. कोट ठेवतात तिथल्या ढिगाखाली मात्र ती कधी देऊ नकोस. आडव्या रेकॉर्डवर दहा ओले कोट पडले की ती वाकते. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवणंही तसंच, तासाभरात काठ लाटेसारखे होतात आणि मग पिन त्यावरून होडीसारखी वरखाली होत जाते.

घरी आल्यावर वरचं पारदर्शक, ताणलेलं प्लास्टिक काढून टाक. बरेच लोक ते जपून ठेवतात. ते काळाबरोबर आवळत जातं आणि कव्हरसकट रेकॉर्ड वाकवतं. टेबलावर घेतलेल्या नव्या रेकॉर्डमध्ये कधी छपाईचा दोष निघतो: भोक मधोमध नसतं म्हणून सूर डोलतात, किंवा एका जागी सतत फट्-फट् ऐकू येतं. परत करायला दुकान नाही म्हणून गप्प बसू नकोस. कव्हरच्या मागे कंपनीचा पत्ता असतो, तिथे लिही. छोट्या कंपन्या बहुधा दुसरी प्रत पाठवतात.

ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या वस्तूला युरोपात चौदा दिवस परत करायची मुभा आहे, हे तुझा नवरा सांगेल. खरं आहे. पण सीलबंद रेकॉर्डचं वेष्टन तू फोडलंस की नुसती मन बदललं म्हणून परत करायची ती मुभा संपते. दोष असेल तर मात्र तुझा हक्क राहतोच. आणि हे सगळं दुकानांना लागू. घरबसल्या आपला संग्रह विकणाऱ्या खासगी माणसाला चौदा दिवसांचा नियम लागत नाही. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हे निमित्त बरं झालं.

जुन्या गायकीच्या रेकॉर्डसाठी टेबल कुठून आणणार? गाणारे गेले, छापणारा एचएमव्ही कंपनीचा कोलकात्याजवळचा दमदमचा कारखानाही त्या रेकॉर्ड आता काढत नाही. तिथे ऑनलाइन बाजार हाच मोठा आधार, आणि तो आहे हे आपलं भाग्य. डिस्कॉग्ज ही २००० साली सुरू झालेली जागा तर मुळात रेकॉर्डची नोंदवहीच. कोणती रेकॉर्ड कोणत्या देशात, कोणत्या क्रमांकाने निघाली, हे लोकांनी एकेक करून भरलेलं आहे. मी तासन्‌तास ती चाळत बसतो.

पण तिथे खरेदी करताना मी एकदा चांगला फसलो, ते ऐक. एका जुन्या ख्यालगायिकेची रेकॉर्ड मी कितीतरी दिवस शोधत होतो. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मिळाली, वर्णनात "व्हेरी गुड प्लस". मुलीने मागवून ठेवली, मी गेल्यावर उघडली. पार्सलाचा पुठ्ठा उत्तम होता. आतून कव्हर बाहेर काढलं तर त्याची खालची शिवण टोकापासून टोकापर्यंत फाटलेली, आणि फटीतून रेकॉर्डची काळी कड बाहेर आलेली, ताटातून पोळी डोकावावी तशी. रेकॉर्ड कव्हरच्या आतच ठेवून पाठवली होती. आठवडाभराच्या प्रवासात पार्सल जितक्यांदा आपटलं तितक्यांदा ती आतून शिवणीवर आदळली. वाजवली तर पहिल्या बाजूच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यात, जिथे बाई सम गाठायच्या आधी क्षणभर थांबतात, त्या शांततेत चुलीवर काटक्या जळाव्यात तशी तडतड. विक्रेत्याने ती नुसती दिव्याखाली बघून प्रत लावली होती, वाजवून पाहिली नव्हती.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो आणि तूही विचार. वाजवून पाहिली आहे का, की नुसती बघितली? तिरप्या उजेडात काढलेला फोटो पाठवाल का? समोरून काढलेल्या फोटोत ओरखडे लपतात, बाजूने उजेड पाडला की प्रत्येक रेघ उभी राहते. आणि पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, साध्या कागदी पाकिटात वेगळी ठेवाल का? तिन्हींना सरळ उत्तर देणारा विक्रेता मिळाला की त्याला धरून राहा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पाच युरोलाही घेऊ नकोस.

त्या प्रतवारीची भाषाही समजून घे. "मिंट" म्हणजे कोरी करकरीत, "निअर मिंट" म्हणजे जवळजवळ तशी. "व्हीजी प्लस" हे ऐकण्यासाठी घेणाऱ्याने उतरावं अशी शेवटची पायरी. नुसतं "व्हीजी", म्हणजे "व्हेरी गुड", असेल तर खरखर येणारच असं धरून चाल. आणि "गुड" लिहिलेली रेकॉर्ड भिंतीवर लावायची असेल तरच घे. आलाप आणि विलंबित गायकीत शांतता फार असते. ढोल-ताशा असलेल्या गाण्यात जी खरखर बुडून जाते ती तानपुऱ्याच्या मागे टोचत राहते. त्यामुळे आपल्या संगीतासाठी एक पायरी वरचीच प्रत बघ.

इंग्लंडच्या विक्रेत्यांबद्दल एक हिशेब नवऱ्यासमोर मांड, त्याला आवडेल. २०२१ च्या जानेवारीपासून ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यापारी नियमांच्या बाहेर गेलं. त्याच वर्षी १ जुलैपासून बाहेरून येणाऱ्या छोट्या पार्सलांची करमाफीही संपली. म्हणजे पन्नास युरोची रेकॉर्ड, त्यावर टपालखर्च, त्या सगळ्यावर तुमचा एकवीस टक्के कर, आणि तो आधी भरलेला नसेल तर टपालवाले वसुलीचं शुल्क वेगळं घेतात. पन्नासाची वस्तू दारात येईपर्यंत ऐंशीच्या आसपास जाऊ शकते. तीच रेकॉर्ड जर्मनी, फ्रान्स किंवा बेल्जियममधल्या विक्रेत्याकडे असेल तर हा भुर्दंड नाही. शोधताना देश निवडायची सोय असते, ती वापर.

शक्य असेल तर या रेकॉर्डसाठी थोडी थांब आणि सुट्टीवर येशील तेव्हा इथेच शोध. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट अजून आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. ते दार बंद बघून मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभा होतो. पण जुन्या मालाचा व्यापार थांबलेला नाही. तिथे रेकॉर्ड हातात घेता येते, उजेडात तिरपी धरता येते, भावही करता येतो. आपल्याकडच्या रेकॉर्डचा मोठा शत्रू ओरखड्यापेक्षा बुरशी. कोकणातल्या, मुंबईतल्या चार-पाच दशकांच्या पावसाळ्यांत कपाटात पडून असलेल्या रेकॉर्डवर पांढुरके, तुरटीच्या पाण्यासारखे डाग असतात. ते वरवरचे असतील तर धुवून जातात, खाचेत मुरले असतील तर जात नाहीत. नखाने नव्हे, बोटाच्या पेराने हलकेच पुसून बघ. डाग हलला तर घे.

एचएमव्हीच्या क्रमांकांची एक खूण सांगतो, कारण ऑनलाइन वर्णनात ही पुष्कळदा चुकलेली असते. आपल्याकडच्या एलपीच्या, म्हणजे लांब चालणाऱ्या रेकॉर्डच्या, लेबलवर क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरं असतात. ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज; ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरांत विभागलेला. मोनो म्हणून नाक मुरडू नकोस. पन्नाशी-साठीच्या दशकांतली कितीतरी उत्तम ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत, आणि एका गळ्याला दोन स्पीकरांत विभागायची गरजही नसते.

तिसऱ्या वाटेचा तू उल्लेखही केला नाहीस, म्हणून सुचवतो. गावातलं रेकॉर्डचं दुकान. ॲमस्टरडॅमला उत्रेख्टसेस्ट्राटवर कॉन्सेर्टो नावाचं दुकान १९५५ पासून आहे, नव्याबरोबर जुन्याही रेकॉर्ड असतात, आणि घेण्याआधी ऐकताही येतं. तुझ्या देशात तर हार्लेमला १९५८ पासून रेकॉर्ड छापणारा कारखाना आहे. मधल्या सीडीच्या लाटेत जगभरचे असे कारखाने पटापट बंद पडले, तो टिकला. आणि ती लाट उठली कुठून, तर तू राहतेस त्या आइंडहोवनच्या फिलिप्समधून. सोनीबरोबर त्यांनी १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली तेव्हा रेकॉर्डचे दिवस भरले असं सगळे म्हणत होते. मीही माझ्या निम्म्या रेकॉर्ड तेव्हा किलोच्या भावाने देऊन टाकल्या, त्याचं दुःख अजून जात नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे चार कोटी दहा लाख रेकॉर्ड खपल्या आणि सीडी तीन कोटी तीस लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्ड पुढे गेली.

आता माळ्यावरच्या त्या पेटीबद्दल. नव्या रेकॉर्डवर एक पैसा खर्च करायच्या आधी ती पेटी उघड, किंवा घरच्यांना उघडायला सांग. आजोबांच्या काळाचा विचार करता तिच्यात दोन जातींच्या रेकॉर्ड असू शकतात. हातात घेतल्यावर जड, काचेसारखी ठिसूळ, एका बाजूला साडेतीन मिनिटांचं एकच पद असेल तर ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची. हलकी, किंचित लवचिक, एका बाजूला वीस मिनिटांचा राग असेल तर ती एलपी, ३३ फेऱ्यांची. लाखेची रेकॉर्ड तुझ्या प्लेयरवर लावू नकोस. एकतर पुष्कळ प्लेयरांना ७८ चा वेग नसतो. दुसरं, तिची खाच रुंद असते आणि तिला जाड टोकाची वेगळी पिन लागते. बारीक पिन खाचेच्या तळाशी घासत जाते, पिनही जाते आणि रेकॉर्डही. घरच्यांना हेही बजाव की एलपी पुसायला लोक पाण्यात स्पिरिट मिसळतात, ते लाखेच्या रेकॉर्डला चुकूनही लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका पुसण्यात आजोबांचं गाणं फडक्याला लागून निघून जाईल. तिला कोरडा, मऊ ब्रश पुरे.

पेटी माळ्यावर आडवी ठेवलेली असेल तर आधी ती उभी करायला सांग. वरच्या रेकॉर्डच्या भाराने खालच्या वाकतात, आणि सांगलीचा उन्हाळा पत्र्याखाली काय करतो हे तुला मी सांगायला नको. २०१९ च्या पुरात पाणी घरात आलं होतं का, तेही विचार. माळ्यावर होती म्हणजे बहुतेक वाचली असेल, पण ओल चढलेली असेल तर कव्हरं एकमेकांना चिकटलेली असतील. ती ओढून सोडवू नका, सावलीत पंख्याखाली सुकू द्या.

मग प्रत्येक लेबलचा एक फोटो मागव. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात, तिरप्या उजेडात ते दिसतात, तेही फोटोत येऊ देत. ते सगळे मला पाठव. कोणत्या रेकॉर्ड इंग्लंडहून पन्नास युरोला मागवायच्या विचारात आहेस, त्यांचीही यादी जोड. मी दोन्ही शेजारी ठेवून बघतो. त्यातल्या एक-दोन तरी तुझ्या स्वतःच्या घरात, माळ्यावर असतील असं मला वाटतंय.

– तुझा काका